शाळेचं रेटिंग बघून घर घेताय? मग ती रेष कोणी आखली तेही बघा (अमेरिका)

उन्हाळी_पाखरू

अमेरिकेत आपल्या लोकांच्या कुठल्याही पॉटलकला दोन विषय हमखास निघतात, ग्रीन कार्ड आणि स्कूल डिस्ट्रिक्ट (म्हणजे आपल्या घराची हद्द ज्या शाळांना जोडलेली असते तो विभाग). पहिल्यावर इथे पोत्याने धागे आहेत म्हणून दुसऱ्यावर लिहितोय. दहापैकी नऊ-दहा रेटिंगची शाळा शोधायची, तिच्या हद्दीतलं घर शोधायचं, त्यासाठी ऐपतीपेक्षा जरा जास्तच कर्ज काढायचं, आणि रस्त्यापलीकडे तसंच घर बरंच स्वस्त मिळत असलं तरी तिकडे बघायचं नाही कारण "तिकडची शाळा बरोबर नाही". आम्हीही हेच केलं, कोणावर टीका वगैरे नाही. पण ती रस्त्यातली रेष आली कुठून हे कोणी विचारत नाही.

निमित्त असं की आमचं घर मिनिॲपोलिसजवळ, १९३० च्या दशकातलं. घेऊन झाल्यावर हौस म्हणून काउंटीच्या रेकॉर्डमधून प्लॉटचं मूळ डीड, म्हणजे खरेदीखत, काढलं. टाइपरायटरवरचं पान. एका कलमात कुंपणाची उंची, पुढच्यात कोंबड्या-डुकरं पाळायची नाहीत, त्याच्या पुढच्यात ही जागा कॉकेशियन वंशाच्या माणसाशिवाय इतर कोणाला विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, राहू द्यायची नाही, अपवाद फक्त घरात राबणाऱ्या नोकरांचा. आणि लगेच पुढे सांडपाण्याचं कलम सुरू. ज्या सुरात कोंबड्या त्याच सुरात माणसं.

हा काही एखाद्या खडूस मालकाचा विक्षिप्तपणा नव्हता. १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने लुइव्हिल शहराचा, काळ्यांनी कुठे राहायचं गोऱ्यांनी कुठे हे ठरवणारा नगरपालिकेचा नियम रद्द केला. मग लोकांनी तेच खाजगी करारात घातलं, आणि खाजगी करारात आम्ही पडत नाही असं त्याच कोर्टाने १९२६ मध्ये सांगून टाकलं. मिनिॲपोलिसमधलं असं पहिलं डीड १९१० चं आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या एका प्रकल्पात लोकांनी जुनी डीडं वाचून वाचून असे प्लॉट नकाशावर टाकलेत, ज्यांचं घर इकडे आहे त्यांनी जरूर बघा.

पण खरा खेळ पुढे सरकारने केला. महामंदीच्या आधी घराचं कर्ज म्हणजे तीन ते पाच वर्षांची मुदत, निम्मे पैसे आधी भरा, शेवटी मुद्दल एकदम फेडा. १९३३ मध्ये लोकांची घरं धडाधड जप्त व्हायला लागल्यावर रूझवेल्टने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं, तिने दहा लाखांच्या आसपास कर्जं नव्याने लांब मुदतीची करून दिली. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन (एफएचए) आलं. ते स्वतः कर्ज देत नव्हतं, बँकेच्या कर्जाचा विमा उतरवत होतं, म्हणजे माणसाने हप्ते बुडवले तर बँकेला सरकार भरून देणार. त्या भरवशावर बँका वीस-पंचवीस वर्षांचं कर्ज थोड्याशा डाउन पेमेंटवर द्यायला लागल्या. आज आपण सगळे जे तीस वर्षांचं मॉर्गेज घेतो त्याचं मूळ इथे आहे. मात्र विमा कोणत्या घराचा उतरवायचा याचं जे मॅन्युअल होतं त्यात न जुळणाऱ्या वंशाचे लोक वस्तीत येणं ही जोखीम म्हणून नोंदवलेली, आणि डीडमधलं ते कलम ही चांगली गोष्ट म्हणून! आमच्या कोंबड्यांच्या खालचं कलम म्हणजे कर्ज स्वस्त मिळण्याची सोय होती.

बाकी कर्जाला जोखमीच्या वस्त्या लाल दाखवणारे नकाशे वगैरे बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. मला चर्चा हवी आहे ती यावर की हे सगळं आजच्या शाळांपर्यंत कसं येऊन पोचतं. लिहा.

रोखठोक_रानडे

लेख चांगला आहे पण मला हे सारखं इतिहास उकरणं पटत नाही. १९३४ ला नव्वद वर्षं झाली. आज कायद्याने कोणीही कुठेही घर घेऊ शकतो. आपण दोन बॅगा आणि डोक्यावर कर्ज घेऊन आलो ना? आपल्याला कोणी घर दिलं? अभ्यास केला, नोकरी केली, घेतलं. आणि शाळा चांगली असते ती आईबापांमुळे, रेषेमुळे नाही. थोडं कडू बोललो, राग नसावा.

चकली_भाजणी

+१ रानडे. पण ते नोकरांचं वाक्य वाचून अंगावर काटा आला हो.

डेट्रॉइटचा_दादा

रानडे, पुढच्या वेळी मिशिगनला आलात की माझ्याकडे या, तुम्हाला एक भिंत दाखवतो. एट माइल रोडच्या दक्षिणेला, डेट्रॉइट शहराच्या हद्दीत. सिमेंटची, सहा फूट उंच, साधारण अर्धा मैल लांब, लोकांच्या घरांच्या मागच्या अंगणातून सरळ गेलेली. १९४१ मध्ये एका बिल्डरला तिथे गोऱ्यांसाठी कॉलनी काढायची होती पण शेजारीच काळ्यांची जुनी वस्ती, म्हणून एफएचएने विमा द्यायला नकार दिला. मग तडजोड काय झाली, तर मधे भिंत बांध, विमा देतो. त्याने बांधली आणि मिळाला! भिंत अजून उभी आहे. एका भागावर मुलांनी लोकांनी चित्रं रंगवलीत, साबणाचे फुगे, घरं, बसमध्ये बसलेली रोझा पार्क्स. बाकीची भिंत तशीच पांढरट, त्याला टेकवून कोणी गवत कापायचं मशीन ठेवलंय कोणी कचऱ्याचे डबे. आता दोन्ही बाजूंना काळेच लोक राहतात त्यामुळे ती कोणाला अडवत नाही, पण ज्या काळात अडवायची तेव्हा एका बाजूच्या माणसाला कर्ज मिळत होतं आणि दुसऱ्या बाजूच्याला तेवढाच पगार असून मिळत नव्हतं. नुसतं मागासलेपण नव्हतं ते, सरकारी अट होती.

रोखठोक_रानडे

भिंतीचं माहीत नव्हतं. पण माझा मुद्दा आजचा आहे.

आकडेमोड्या

थोडी भर घालतो, कारण या विषयावर सोशल मीडियावर फार सरधोपट लिहिलं जातं. होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनचे ते चार रंगांचे नकाशे, हिरवा निळा पिवळा लाल, दोनशेच्या वर शहरांचे, ते १९३५ नंतरचे आहेत. तोपर्यंत त्या संस्थेचं बहुतेक कर्जवाटप उरकलं होतं, आणि तिने पुढे लाल दाखवल्या गेलेल्या भागांतही, काळ्या कुटुंबांनाही कर्जं दिली होती. त्यामुळे "हा नकाशा काढला आणि म्हणून वस्ती गरीब झाली" असं सरळ म्हणता येत नाही, वस्त्या बऱ्याचशा आधीच गरीब होत्या, नकाशाने ते टिपलं. यावर अर्थशास्त्रज्ञांत आणि इतिहासकारांत चांगली जुंपलेली आहे. एफएचएचं मात्र वेगळं. त्यांचे स्वतःचे निकष होते, स्वतःचे नकाशे होते आणि त्यांनी सुरुवातीपासून तसंच वागायचं ठरवलं होतं. म्हणून दोष द्यायचा तर नीट पत्त्यावर द्या. नकाशे रंगीत आहेत म्हणून फोटोत छान दिसतात, मॅन्युअलचा फोटो कोणी शेअर करत नाही.

उन्हाळी_पाखरू

आकडेमोड्या, शेवटचं वाक्य झकास. म्हणूनच मी वर नकाशे बाजूला ठेवले आणि विम्याबद्दल लिहिलं.

रानडे, आजच्या मुद्द्यावर येतो पण एक पायरी मधे आहे, युद्धानंतरची. १९४४ च्या जीआय बिलाने परत आलेल्या सैनिकांना घरासाठी सरकारी हमीचं कर्ज मिळणार होतं. कागदावर सगळ्यांना. पण कर्ज देणार स्थानिक बँक. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या काही शहरांत घर, धंदा आणि शेतीसाठीची अशी ३,२२९ कर्जं मोजली गेली तर त्यातली काळ्या सैनिकांना मिळाली २. दोन टक्के नव्हे, दोन.

त्याच वर्षी न्यूयॉर्कबाहेर लाँग आयलंडला लेव्हिटटाउन सुरू झालं. सतरा हजारांवर एकसारखी घरं, दोन वर्षांनी किंमत ७,९९० डॉलर, सैनिकाला डाउन पेमेंट जवळजवळ शून्य, हप्ता शहरातल्या भाड्यापेक्षा कमी. करारात तेच कॉकेशियन कलम. १९६० मध्येही तिथे राहणारी माणसं जवळजवळ सगळी गोरीच होती. ज्यांना ते घर मिळालं त्यांच्या नातवंडांच्या कॉलेजची फी त्या घराच्या वाढलेल्या किमतीतून गेली, ज्यांना नाही मिळालं त्यांनी भाडं भरलं. आजही गोऱ्यांमध्ये स्वतःचं घर असणारे सत्तर टक्क्यांच्या वर आणि काळ्यांमध्ये पंचेचाळीसच्या आसपास, हा फरक हवेतून येत नाही.

पुणेरी_खवट

मी पुण्यात बसून वाचतोय त्यामुळे बाळबोध प्रश्न विचारतो. घर कुठे आहे याचा आणि शाळेचा संबंध काय? आमच्याकडे पण शाळा-प्रवेशाला पत्ता लागतो, एका किलोमीटरच्या आत राहता का वगैरे, पण शाळेचे पैसे काही शेजाऱ्याच्या घरपट्टीतून येत नाहीत. तिकडे केंद्र सरकार शाळांना पैसे देत नाही का?

टेक्सास_ताई

खवटराव, तिथेच तर ग्यानबाची मेख आहे. देशात साधारण तेरा हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, प्रत्येकाचं आपलं बोर्ड, आपली निवडणूक, आणि बहुतेक ठिकाणी आपला प्रॉपर्टी टॅक्स. केंद्राचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास, बाकी राज्य आणि स्थानिक. म्हणजे तुमच्या हद्दीतली घरं महाग असतील तर कमी दराने कर लावूनही शाळेला ढीग पैसे, घरं स्वस्त असतील तर दर वाढवून वाढवून तुम्ही दमाल तरी पैसे नाहीत.

आमच्या सॅन अँटोनिओची केस यावर जगप्रसिद्ध आहे, म्हणजे असायला हवी पण कोणाला माहीत नसते. शहराच्या पश्चिमेला एजवूड डिस्ट्रिक्ट, मेक्सिकन वस्ती. १९६८ मध्ये तिथल्या हायस्कूलच्या पोरांनी वर्गातून उठून मोर्चा काढला, पंखे नाहीत, खिडक्या फुटक्या, बऱ्याच मास्तरांकडे पूर्ण पात्रता नाही. मग डेमेट्रिओ रॉड्रिगेझ नावाच्या पालकाने, हवाई दलाच्या तळावर काम करणारा शीट मेटलचा कारागीर होता तो, इतर पालकांना घेऊन केस टाकली. कोर्टाच्या निकालातच आकडे आहेत, मला पाठ झालेत. एजवूडचा कराचा दर शंभर डॉलरला १ डॉलर ५ सेंट, त्यातून एका मुलामागे मिळाले २६ डॉलर. त्याच शहरातल्या अलामो हाइट्सचा दर ८५ सेंट, म्हणजे कमी, आणि मुलामागे मिळाले ३३३ डॉलर. राज्याची आणि केंद्राची भर घालून एजवूड ३५६ वर, अलामो हाइट्स ५९४ वर. जास्त कर भरणाऱ्याला कमी शाळा!

१९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने निकाल दिला की शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, टेक्सासची पद्धत गोंधळाची असेल पण घटनाबाह्य नाही. बास. तिथून पुढे फेडरल कोर्टाचा दरवाजा या प्रश्नाला बंद.

मग राज्याच्या कोर्टात लढाई गेली, १९८९ मध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने सगळ्यांनी एकमताने ही पद्धत राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवली आणि १९९३ मध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून पैसे काढून घ्यायचा कायदा आला, त्याला इकडे सगळे रॉबिन हुड म्हणतात. आता गंमत बघा. सगळ्यात जास्त पैसे भरतं ऑस्टिन. तिथे गरीब मुलं भरपूर, पण टेक कंपन्यांमुळे जमिनीचे भाव आभाळाला, म्हणून हिशेबात ते श्रीमंत डिस्ट्रिक्ट. ऑस्टिनचे आपले देशी लोक दर वर्षी टॅक्सचं बिल आलं की रॉबिन हुडच्या नावाने बोटं मोडतात, एजवूडचं नाव त्यांनी ऐकलेलं नसतं.

डेट्रॉइटचा_दादा

ताईंना जोडून. १९७३ ला पैसे मागायचा दरवाजा बंद झाला आणि १९७४ ला माणसं हलवायचा. आमची केस, मिलिकन विरुद्ध ब्रॅडली.

झालं असं की १९५४ च्या ब्राऊन निकालाने शाळांमधलं वंशभेदाचं वाटप बेकायदेशीर ठरलं, ठीक. पण डेट्रॉइटमध्ये तोपर्यंत आणि त्यानंतर गोरे लोक भराभर उपनगरात गेले, नवे हायवे, नवी एफएचएची घरं. शहरातली शाळा काळी, भोवतीची गोरी, आता शहराच्या आत मुलं कितीही फिरवा काय मिसळणार? खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाने, स्टीफन रॉथ त्यांचं नाव, सांगितलं की भोवतीचे ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट पण योजनेत घ्या. त्यावर इतका गदारोळ झाला की विचारू नका, गाड्यांच्या मागे त्यांच्या नावाचे स्टिकर लागले. सुप्रीम कोर्टात पुन्हा ५ विरुद्ध ४. उपनगरांनी स्वतः भेदभाव केला हे सिद्ध झालेलं नाही, तेव्हा त्यांना हात लावता येणार नाही. थर्गुड मार्शल, म्हणजे ब्राऊनची केस लढलेला वकील, आता न्यायाधीश होता आणि तो विरोधी मत देणाऱ्या चौघांत होता.

म्हणजे हद्दीबाहेर घर घेतलं की तुमची शाळा त्या शहराच्या प्रश्नापासून कायद्याने सुटली. माझ्या मते आजच्या रेटिंगच्या वेबसाइटचा खरा जन्म १९७४ मध्ये आहे, ब्राऊनबद्दल सगळ्या पोरांना शाळेत शिकवतात आणि या केसबद्दल चकार शब्द नाही.

मुंबईकर_मोना

अवांतर होईल पण आपल्याकडे काय वेगळं आहे? मुंबईत सोसायटीत मांसाहारी चालणार नाही, मुसलमानांना भाड्याने नाही, बॅचलर नाही, हे तोंडावर सांगतात. डीडमध्ये टाइप करत नाहीत एवढंच.

पुणेरी_खवट

टाइप पण करतात! अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा नियम आपल्या सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये उचलून धरला होता, सभासद फक्त पारशी.

उन्हाळी_पाखरू

मोनाताई, खवट, मुद्दा रास्त आहे पण तो वेगळा धागा काढा प्लीज, नाहीतर पुढचे दोनशे प्रतिसाद मासे तळण्यावर जातील. रानड्यांचं उत्तर राहिलंय.

रानडे, "आपण दोन बॅगा घेऊन आलो" यावर. आपण कधी आलो? कॉकेशियन हा शब्द डीडमध्ये वाचल्यावर मी पहिल्यांदा हेच शोधलं की आपण त्यात बसतो का. तर यावर १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. भगतसिंग थिंड, पंजाबी, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. नागरिकत्व तेव्हा गोऱ्या किंवा आफ्रिकन वंशाच्या लोकांनाच मिळायचं. तीनच महिने आधी कोर्टाने ओझावा नावाच्या जपानी माणसाला सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन, तू नाहीस. थिंडच्या वकिलाने म्हटलं की मग उत्तर हिंदुस्थानातला माणूस शास्त्राप्रमाणे कॉकेशियन आहेच की. कोर्टाने सांगितलं शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकाल एकाच न्यायाधीशाने लिहिलेत, जॉर्ज सदरलंड. थिंडचे वकील होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः आधीच नागरिक झाले होते, निकालानंतर सरकार त्यांचंही नागरिकत्व काढायला निघालं, पण ते कोर्टात लढले आणि टिकवलं.

सगळ्यांना ते जमलं नाही. वैष्णो दास बगाई १९१५ मध्ये बायकामुलांसकट पैसे घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आला, नागरिक झाला, दुकान टाकलं. बर्कलेला घर घेतलं तर राहायला जायच्या दिवशी शेजाऱ्यांनी घराला कुलपं ठोकलेली. थिंड निकालानंतर नागरिकत्व गेलं, मालमत्ता ठेवता येईना, हिंदुस्थानात जायला पासपोर्ट मिळेना, १९२८ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहून त्याने आत्महत्या केली. त्याची बायको कला बगाई मात्र खमकी निघाली, इथेच राहिली, पुढे नागरिक झाली, आता बर्कलेत एका रस्त्याला तिचं नाव आहे.

आपल्याला नागरिक व्हायची मुभा १९४६ मध्ये, तीही वर्षाला १०० माणसांच्या कोट्यात. खरं दार उघडलं १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा कोणाला प्राधान्य देत होता, तर नातेवाईक आणि शिकलेले लोक. मग १९६८ मध्ये फेअर हाउसिंग ॲक्ट. आपले बहुतेक लोक त्यानंतर आलेत. म्हणजे आपण मेहनत केली हे शंभर टक्के खरं, पण ज्या दारातून आत आलो ते दुसऱ्यांनी मार खाऊन उघडलेलं होतं आणि आत येणाऱ्यांची डिग्री बघून निवड झाली होती. शेजारच्या वस्तीतल्या माणसाची कोणी निवड केली नव्हती.

रोखठोक_रानडे

बगाईचं वाचून खरंच वाईट वाटलं. १९६५ चं मान्य, माझ्या वडिलांच्या पिढीतले सगळे डॉक्टर-इंजिनीअरच आले होते. पण मग मी काय करू? माझ्या मुलाला मी मुद्दाम कमी रेटिंगच्या शाळेत घालू का? तुम्ही घातलं का, पाखरू?

उन्हाळी_पाखरू

नाही घातलं. हद्दीच्या आत घेतलं, वर लिहिलंय. म्हणून तर "टीका नाही" म्हटलं.

जर्सीकर_जयू

एवढा वेळ गप्प वाचत होते पण आता राहवेना. सगळीकडे टेक्सास-मिशिगनसारखं झालं नाही हो. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने त्या सॅन अँटोनिओ निकालानंतर दोन आठवड्यांत, एप्रिल १९७३, रॉबिन्सन विरुद्ध काहिल केसमध्ये उलटा निकाल दिला, कारण आमच्या राज्यघटनेत सर्व मुलांना नीट आणि पुरेसं शिक्षण द्यायचं असं लिहिलंय. पण पैसे आणायचे कुठून? तेव्हा जर्सीत राज्याचा इन्कम टॅक्सच नव्हता. आमदार तीन वर्षं टाळाटाळ करत राहिले, शेवटी जुलै १९७६ मध्ये कोर्टाने शाळा बंद करायचा हुकूम काढला. उन्हाळा होता म्हणून वाचले, पण हुकूम म्हणजे हुकूम. आठवड्याभरात इन्कम टॅक्स पास! आज पगाराच्या स्लिपवर एनजे म्हणून जी कपात दिसते ती या केसची देणगी आहे, माझ्या नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला मग त्या कोर्टाला माझा नमस्कार सांग.

पुढे ॲबट केसेस, १९८५ पासून पुढची बरीच वर्षं. नेवार्क, कॅम्डेन, पॅटर्सन, जर्सी सिटी अशा गरीब डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांइतके पैसे द्या असा आदेश, पुढे तीन-चार वर्षांच्या मुलांना फुकट प्रीस्कूल. मी जर्सी सिटीत राहत होते तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या देशी पोरांनी ते प्रीस्कूल वापरलं आणि मग पहिलीच्या आधी सगळे एडिसन नाहीतर साउथ ब्रन्सविकसारख्या उपनगरात. आम्हीही. जर्सी सिटीत बिल्डिंगचे टॉवर करसवलतीतले, नदीकाठी न्यूयॉर्कचा देखावा, आणि शाळेसाठी पैसे राज्याने द्यायचे. २०१८ च्या कायद्याने ती मदत कमी करत नेली तेव्हा एवढी बोंबाबोंब झाली, पण राज्याचंही चूक नव्हतं.

आणि पैसे दिले म्हणून सगळं सुधारलं का? काही ठिकाणी प्रीस्कूलचा चांगला फायदा झाला, काही ठिकाणी पैसे कुठे गेले कळलं नाही. कॅम्डेन आणि नेवार्क दोन्हीकडे राज्याने शाळांचा कारभार स्वतःकडे घेतला होता. पण वस्ती तीच राहिली ना. पैसे रेषेपलीकडे गेले, माणसं नाही गेली.

आकडेमोड्या

जयू, उत्तम प्रतिसाद. माणसांचा भाग जर्सीतच माउंट लॉरेल केसमध्ये आहे, १९७५. प्रत्येक गावाने आपल्या वाट्याची परवडणारी घरं होऊ दिली पाहिजेत, एकराला एकच बंगला असले झोनिंगचे (कुठे काय बांधायचं याचे) नियम करून गरिबाला बाहेर ठेवता येणार नाही. आणि हे झोनिंग कोणी पक्कं केलं ते बघा. १९२६, युक्लिड विरुद्ध ॲम्ब्लर, ओहायोची केस. निकालात अपार्टमेंट बिल्डिंगला बंगल्यांच्या वस्तीतलं बांडगूळ म्हटलंय. लिहिणारा न्यायाधीश पुन्हा तोच, जॉर्ज सदरलंड. आधी आपण गोरे नाही हे सांगितलं आणि मग अपार्टमेंट बाहेर ठेवायला परवानगी दिली, एकाच माणसाने तीन वर्षांत.

जर्सीकर_जयू

आता खरं सांगू का, आमच्या टाउनशिपमध्ये माउंट लॉरेलच्या नावाखाली अपार्टमेंट होणार म्हटल्यावर मीटिंगला विरोध करायला जी गर्दी आली त्यात निम्मे आपले. ट्रॅफिक वाढेल, शाळेत गर्दी होईल, घराची किंमत पडेल. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सगळ्यांनी या" असा मेसेज फिरला होता, गणपतीच्या वर्गणीच्या मेसेजच्या बरोब्बर खाली.

चकली_भाजणी

आईग्गं. आमच्याकडे पण आला होता तो. मी गेले होते जयू, खोटं कशाला बोलू. तिकडे कोणीच गरीब-श्रीमंत असं बोलत नव्हतं, सगळं ट्रॅफिकबद्दलच चाललं होतं.

टेक्सास_ताई

ट्रॅफिकबद्दलच असतं नेहमी. आमच्याकडे ड्रेनेजबद्दल असतं.

रोखठोक_रानडे

गर्दीचा मुद्दा खोटा नाही हं. आमच्या शाळेत पोर्टेबल वर्ग लावलेत पार्किंगमध्ये. तुम्ही सगळे जण जणू विरोध केला की माणूस लगेच १९२६ चा न्यायाधीश असं करताय. घर ही बहुतेकांची एकमेव मोठी बचत आहे, ती पडेल अशी भीती वाटली तर त्यात पाप काय?

डेट्रॉइटचा_दादा

पाप नाही. पण घराची किंमत शेजारी कोण राहतो यावर ठरते हे गणित कोणी शिकवलं, तर एफएचएच्या त्या १९३० च्या दशकातल्या मॅन्युअलनेच. तुम्हाला ते गणित आवडो न आवडो, तुमचं मॉर्गेज त्यात बसलंय. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोला हाच प्रश्न घेऊन गेला होता, गोऱ्या वस्तीत मोर्चा काढला तर दगड डोक्याला लागला. दगड मारणारे कोणी जमीनदार नव्हते, कामगार होते, एक-एक घर हीच त्यांचीही एकमेव बचत होती.

उन्हाळी_पाखरू

दादा, एकदम वर्मावर.

फेअर हाउसिंग ॲक्टबद्दल एक राहिलं, ते आमच्या मिनेसोटाचं. बिल होतं आमच्या वॉल्टर माँडेल यांचं आणि मॅसॅच्युसेट्सच्या एडवर्ड ब्रुक यांचं. ब्रुक हे थेट मतदानाने निवडून आलेले पहिले काळे सिनेटर, युद्धावरून आल्यावर स्वतःच्या कुटुंबासाठी घर मिळेना हा अनुभव त्यांनी सभागृहात सांगितला. बिल रखडत होतं, ४ एप्रिल १९६८ ला किंगची हत्या झाली, शहरं पेटली, आणि ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जॉन्सनची सही झाली. त्याच मिनेसोटात सेंट पॉलची रोंडो ही काळ्यांची चांगली नांदती वस्ती मात्र तोवर आय-९४ हायवेसाठी मधोमध फाडून झाली होती, शेकडो कुटुंबांची घरं गेली. मी ऑफिसला रोज त्याच हायवेने जातो, वेळ वाचतो म्हणून खूश असतो.

मुंबईकर_मोना

ते डीडमधलं कलम आता काढता येतं का पण? की तसंच राहतं?

उन्हाळी_पाखरू

अंमल केव्हाच संपला. १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं कलम राबवायला कोर्टाची मदत मिळणार नाही. सेंट लुइसच्या एका साध्या दुमजली घराची केस. निकाल ६ विरुद्ध ० कारण नऊपैकी तीन न्यायाधीश सुनावणीतून बाजूला झाले होते, त्यांच्या स्वतःच्या घरांना तसली कलमं होती म्हणून, असं म्हणतात. १९५३ मध्ये मिनेसोटाने नवीन कलमं लिहायलाच बंदी केली. पण कागद कागदावर राहतो, घर विकलं की कलम पुढच्या मालकाकडे.

२०१९ पासून आमच्याकडे एक फॉर्म आहे, काउंटीत भरायचा, मग डीडला एक जोडपत्र लागतं की हे कलम आम्ही अमान्य करतो. मूळ ओळ खोडत नाहीत. कॅलिफोर्नियातही काउंट्यांनी अशी कलमं शोधून बाजूला करायची असा कायदा झालाय. ज्यांना बघायचं असेल त्यांनी टाइटल रिपोर्टमध्ये कॉव्हेनंट्स (डीडमधल्या अटी) म्हणून जो दस्तऐवज क्रमांक असतो तो घेऊन काउंटी रेकॉर्डरकडे विचारा, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन पण मिळतं. घर १९५० च्या आधीच्या प्लॉटिंगमधलं असेल तर शक्यता जास्त.

रोखठोक_रानडे

माझं १९९८ चं आहे, मी सुटलो.

आकडेमोड्या

१९९८ च्या कॉलनीत एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, असेल. एका एकरात किती घरं, गॅरेज दोन गाड्यांचंच हवं, भाड्याने द्यायची किती टक्के, हे वाचा जरा. वंशाचा शब्द कुठे मिळणार नाही.

रोखठोक_रानडे

एचओएचा अध्यक्ष मीच आहे हो.

चकली_भाजणी

😂😂 रानडे काका!

टेक्सास_ताई

मग काका, पुढच्या बोर्ड मीटिंगला ते भाड्याच्या टक्क्यांचं कलम अजेंड्यावर घ्या आणि काय झालं ते इथे येऊन सांगा. आणि जयू, तुझ्या त्या अपार्टमेंटचं शेवटी काय झालं?

जर्सीकर_जयू

कोर्टात तडजोड झाली, संख्या कमी करून होणार आहेत. हायवेला लागून, गोदामाच्या मागे.